पालथे पडून पदक

स्केलेटन हा हिवाळी ऑलिम्पिकमधला एक खेळ. यात खेळाडू पोलादी घसरगाडी हाताने ढकलत बर्फावरून तीसएक मीटर वाकून धावतो, मग तिच्यावर पालथा पडतो आणि डोकं पुढे करून डोंगर उतरतो. उतरायला पन्नास सेकंद ते एक मिनिट लागतं. वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो. गाडीला ब्रेक नाही, सुकाणू नाही, आणि माणूस जो अवयव जन्मभर सगळ्यात जास्त जपतो तो इथे बंपरच्या जागी असतो. हेल्मेट सक्तीचं आहे, त्यावरून नियम करणाऱ्यांना प्रकरणाची थोडीफार कल्पना असावी.

बर्फाच्या त्याच घळीतून तीन खेळांची माणसं घसरतात. बॉबस्लेडचे पुरुष दोघं किंवा चौघं मिळून टोकदार नाकाच्या गाडीत बसतात. लूजवाले उताणे झोपून पाय पुढे करतात. स्केलेटनवाले पालथे झोपून डोकं पुढे करतात. तिघांत स्केलेटन सगळ्यात हळू, आणि जाणकारांच्या मते लूजपेक्षा सुरक्षित. पालथ्या माणसाचा भार बर्फाच्या जवळ असतो आणि आपण कुठे आदळणार हे त्याला आधी दिसतं, असा त्यामागचा हिशेब. हिशेबात चूक नाही. तरीही स्केलेटन पहिल्यांदा बघणारा माणूस लूजकडे जास्त आदराने बघू लागला, असं सहसा घडत नाही.

या उद्योगाचं मूळ एका हॉटेलमालकाच्या पैजेत आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झ गावात योहानेस बाद्रुट नावाचे गृहस्थ हॉटेल चालवत. उन्हाळ्यात इंग्रज पाहुण्यांची रीघ, हिवाळ्यात खोल्या ओस. १८६४ साली त्यांनी निघायच्या बेतात असलेल्या काही इंग्रजांना सांगितलं, की हिवाळ्यात येऊन बघा, इथलं ऊन तुमच्या लंडनपेक्षा बरं असतं. नाही आवडलं तर येण्याजाण्याचा खर्च माझा. इंग्रज आले, त्यांना आवडलं, ते वसंतापर्यंत हललेच नाहीत, अशी ही गोष्ट सांगतात. बाद्रुटांनी एका गोष्टीचा विचार मात्र केला नव्हता. निरोगी, सुखवस्तू आणि पूर्ण रिकामटेकडी माणसं चार महिने बर्फात कोंडली तर ती करणार काय?

ती घसरू लागली. सामान पोचवायच्या छोट्या घसरगाड्या गावात होत्याच. पाहुण्यांनी त्या घेतल्या आणि गावच्या उतरत्या गल्ल्यांतून ते सुटले. वाटेत गावकरी यायचे. गावकऱ्यांच्या दृष्टीने बोलायचं तर वाटेत पाहुणे यायचे. तक्रारी वाढल्या, पण पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला दटावणार कोण? तेव्हा पाहुण्यांना घसरायला वेगळी जागा करून देणं हाच सगळ्यांच्या सोयीचा मार्ग ठरला. त्यातूनच १८८४-८५ च्या हिवाळ्यात क्रेस्टा रन उभा राहिला: सेंट मॉरित्झपासून खाली सेलेरिनाकडे जाणारी, नैसर्गिक बर्फाची, सुमारे १,२०० मीटर लांबीची वळणावळणाची वाट. ती दर हिवाळ्यात नव्याने बांधतात, आजही.

सुरुवातीला लोक तिच्यावरून बसून घसरायचे. १८८७ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत कॉर्निश नावाच्या गृहस्थाने मात्र पालथं पडून डोकं पुढे केलं. धडपडत, भिंतींना टेकत तो चौदावा आला. पुढच्या तीनचार वर्षांत सगळे स्पर्धक त्याच्यासारखे पालथे पडू लागले. चौदाव्या क्रमांकाच्या माणसाची सगळ्यांनी नक्कल केल्याचं दुसरं उदाहरण खेळांच्या इतिहासात चटकन सापडत नाही. पण नकलेमागे डोकं होतं. पालथ्या माणसाला वारा कमी अडवतो, आणि कॉर्निशचा क्रमांक वळणांवर घसरला असला तरी सरळ पट्टीवरचा त्याचा वेग बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

१८८७ मध्येच स्थापन झालेला सेंट मॉरित्झ टोबॉगनिंग क्लब क्रेस्टाचा कारभार अजून बघतो. या वाटेवर शटलकॉक नावाचं एक वळण आहे. तिथे ज्याचा तोल जातो तो वाटेबाहेर फेकला जाऊन बर्फात आणि पेंढ्यात पडतो. पडणाऱ्यांची संख्या इतकी भरपूर, की त्यांचाच एक शटलकॉक क्लब निघाला. त्याचं सभासदत्व पडल्याबरोबर मिळतं आणि त्या क्लबची टाय वापरायचा अधिकारही. पडलेल्या माणसाला टाय देण्याची कल्पना इंग्रजांनाच सुचावी. स्त्रियांना मात्र १९२९ पासून क्रेस्टावर मनाई होती. ती उठायला २०१८ साल उजाडलं. म्हणजे स्केलेटनमध्ये स्त्रिया ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकू लागल्यानंतर सोळा वर्षांनी त्यांना खेळाच्या जन्मगावी घसरायची परवानगी मिळाली.

१९२८ चं हिवाळी ऑलिम्पिक सेंट मॉरित्झला भरलं आणि गावचा खेळ म्हणून स्केलेटन कार्यक्रमात आला. स्पर्धक होते दहा. अमेरिकेच्या जेनिसन हीटनने सुवर्ण घेतलं, त्याचा भाऊ जॅक हीटनने रौप्य, आणि कांस्य गेलं ब्रिटनच्या अर्ल ऑफ नॉर्थेस्क यांच्याकडे. दोन भाऊ आणि एक उमराव एवढ्यात पदकसमारंभ आटोपला. नंतर वीस वर्षं ऑलिम्पिकमध्ये स्केलेटन नव्हतं, कारण दुसऱ्या कुठल्या यजमान गावाकडे क्रेस्टा नव्हता. १९४८ साली ऑलिम्पिक पुन्हा सेंट मॉरित्झला आलं तसं स्केलेटनही परतलं, आणि जॅक हीटनही. त्याला पुन्हा रौप्यच मिळालं. दोन दशकांत मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं, जगाचा नकाशा बदलला, पण जॅक हीटनचा क्रमांक जागचा हलला नाही.

या वेळी त्याच्या पुढे होता इटलीचा नीनो बिब्बिया. सेंट मॉरित्झमध्येच राहणारा, फळं-भाजीच्या घरच्या धंद्यातला हा माणूस. उमराव मंडळी हिवाळ्यापुरती गावात यायची. भाजीवाला गावातच असायचा, आणि उतार त्याच्या पायाखालचा. इटलीला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं हे पहिलं सुवर्णपदक. बिब्बियाने पुढेही क्रेस्टावर कित्येक वर्षं शर्यती जिंकल्या, शेकड्यांनी.

मग स्केलेटन ऑलिम्पिकमधून पुन्हा गेलं ते थेट २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला उगवलं. मधल्या चोपन्न वर्षांत खेळाडूंनी बॉबस्लेडच्या कृत्रिम बर्फाच्या वाटा वापरायला शिकून घेतलं, त्यामुळे खेळ एका गावाच्या मेहेरबानीतून सुटला. या वाटा सिमेंट काँक्रीटच्या असतात, आत शीतकरणाच्या नळ्या, वर हाताने फवारलेल्या पाण्याचा काही सेंटिमीटर बर्फ. लांबी सव्वा ते दीड किलोमीटर, वळणं पंधरासोळा. डोंगराच्या कुशीत कोट्यवधी रुपये ओतून एवढं बांधकाम करायचं, ते काही माणसांना आडवं पडता यावं म्हणून.

गाडीचं वर्णन थोडक्यात आटोपण्यासारखं आहे, कारण तिच्यात फारसं काही नसतंच. जेवायला बसायचा पाट घ्यावा, तो पोलादाचा करावा, कडेला दोन मुठी आणि खाली दोन गोल सळया लावाव्यात, की झाली. लांबी ८० ते १२० सेंटिमीटर, उंची जास्तीत जास्त वीस. माणूस तिच्यावर मावत नाही. पोटऱ्या आणि पाय मागे हवेत राहतात. मात्र या पाटासाठी नियमांचं जे पुस्तक आहे ते बघून वाटावं, मोटारीचा कारखाना काढायचा बेत आहे. माणूस आणि गाडी मिळून किती वजन चालेल ते ठरलेलं. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकपर्यंत पुरुषांसाठी हा आकडा ११५ किलो होता, आणि त्यात गाडी ४३ किलोपेक्षा जड असून चालत नसे. वजन जास्त तितका उतारावरचा वेग जास्त, म्हणून ही मर्यादा. हलक्या खेळाडूला गाडीला शिशाचं किंवा पोलादाचं ओझं जोडायची मुभा आहे, पण स्वतःच्या अंगावर बांधायची नाही. बरं, गाडी जड केली तर सुरुवातीला ती ढकलताना दम निघतो. म्हणून आदर्श खेळाडू असा हवा, की ज्याचं स्वतःचं वजन भरपूर आहे पण जो शंभर मीटरच्या धावपटूसारखा पळतो. असे लोक मुळात दुर्मीळ, आणि असलेच तर बहुतेकांना याहून बरं काही सुचलेलं असतं.

खालच्या सळयांवर विशेष पहारा असतो. गरम सळई बर्फावर जास्त सरकते, म्हणून त्या तापवायला बंदी. नुसती बंदी घालून भागत नाही, कारण प्रश्न खेळाडूंचा आहे. त्यामुळे सुरुवातीच्या जागी एक प्रमाण सळई उघड्या हवेत ठेवलेली असते. पंच तिचं तापमान घेतात, मग खेळाडूच्या सळयांचं घेतात, आणि फरक ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर खेळाडू बाद. खाली पोचल्यावर पुन्हा वजन. उणे दहा अंशांच्या थंडीत गंभीर चेहऱ्याची माणसं लोखंडाच्या सळईला ताप आहे का ते बघत असतात. या खेळात सगळ्यात काळजीने ज्याचं तापमान घेतलं जातं ती वस्तू खेळाडू नव्हे.

आता प्रत्यक्ष उतरणं. आधीचा खेळाडू खाली पोचला, वाट मोकळी झाली, की हिरवा दिवा लागतो आणि निघायला तीस सेकंद मिळतात. या तीस सेकंदांत प्रत्येकाचा आपापला विधी चालतो. कुणी मांड्यांवर फटाफट चापट्या मारतो, कुणी हेल्मेटवर मुठी आपटतो, कुणी मोठ्याने ओरडतो, कुणी बुटांच्या तळव्यांतले टाचणीएवढे शेकडो खिळे बर्फात रुतवून बघतो. अंगाला चिकटून बसलेला सूट असा, की खेळाडूने सकाळी काय खाल्लं ते ओळखता यावं. मग तो खाली वाकतो. एक हात गाडीच्या मुठीवर, दुसरा मोकळा, पाठ जमिनीला समांतर, आणि अशा अवस्थेत तो जीव खाऊन पळतो. माणसाने पळायची ही रीत निसर्गाला मंजूर नसावी. पण चारपाच सेकंदांत पहिला टप्पा संपतो आणि या सेकंदांवर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. सुरुवातीला गमावलेला एक दशांश सेकंद खाली येईपर्यंत वाढत जातो. तो भरून काढायला मध्ये कुठे इंजिन नाही.

पळता पळता खेळाडू गाडीवर झेप घेतो. इथून पुढे सगळा खेळ काही न करण्याचा.

हे वाचायला सोपं आहे. हात अंगाला चिकटलेले, पाय जुळलेले, बोटं ताणलेली, मान इतकीच वर की हनुवटी बर्फापासून चार बोटं राहील. मोठ्या वळणांवर शरीराचं वजन चौपट-पाचपट झाल्यासारखं वाटतं आणि डोकं खाली ओढलं जातं. हेल्मेटची हनुवटी बर्फावर घासते, आणि शर्यतीनंतर तिच्यावर ओरखडे दिसतात. मान मागे टाकून समोर बघितलं तर वारा हेल्मेटला पकडतो, म्हणून अनुभवी माणूस डोकं खाली ठेवून डोळे वर फिरवतो आणि पुढचा काही मीटर बर्फ कपाळाच्या बाजूने बघतो. वळायचं तर खांद्याने किंवा गुडघ्याने गाडीचा एक कोपरा किंचित दाबायचा. दाब पडला की चौकट जरा पिळवटते आणि सळईच्या मागच्या भागातली धार बर्फात रुतते. फारच गरज पडली तर बुटाचं टोक टेकवायचं. पण जी हालचाल गाडी वळवते तीच वेगही खाते. म्हणून प्रशिक्षक जे शिकवतात त्याचं सार एवढंच: भिंत अंगावर येत असताना गप्प पडून राहा. इतर खेळांत आळशी मुलाला मैदानाबाहेर काढतात. इथे वर्षानुवर्षं घाम गाळून, मानेचे स्नायू कमावून, वाऱ्याच्या बोगद्यात तासन्‌तास पडून राहून, उत्तम निष्क्रियता मिळवावी लागते.

प्रेक्षकाच्या वाट्याला यातलं फारसं येत नाही. वाटेच्या कडेला उभ्या माणसाला आधी आगगाडी येत असल्यासारखी घरघर ऐकू येते, मग रंगीत काहीतरी समोरून जातं, मग घरघर संपते. ते काय होतं हे कळण्यासाठी सगळे जण मोठ्या पडद्याकडे वळतात. तासभर थंडीत उभं राहून, शेजारच्या वाटेवर घडलेली गोष्ट टीव्हीवर बघायची, असा हा कार्यक्रम. शिवाय एकदा उतरून भागत नाही. २०१० पासून ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत चार फेऱ्या होतात आणि चारांची बेरीज लावतात, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. लूजवाले हजाराव्या भागापर्यंत मोजतात. त्या मानाने स्केलेटनवाले उदार मनाचे.

शंभराव्या भागांनी काय होतं ते सॉल्ट लेक सिटीतच दिसलं. अमेरिकेच्या जिम शीने ऑस्ट्रियाच्या मार्टिन रेटलला ०.०५ सेकंदाने मागे टाकलं. शीचे आजोबा जॅक शी यांनी १९३२ च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये स्पीड स्केटिंगची दोन सुवर्णपदकं घेतली होती आणि खेळाडूंची शपथही. वडील १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकला गेलेले. नातवाची शर्यत बघायची म्हणून आजोबा वाट बघत होते. स्पर्धेच्या काही आठवडे आधी, एक्याण्णवाव्या वर्षी, ते मोटार अपघातात गेले. जिमने त्यांचा फोटो हेल्मेटच्या आत ठेवला होता, आणि शर्यत संपताच तो काढून कॅमेऱ्यासमोर धरला. पाच शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम पावणेदोन मीटर. डोंगरभर घसरून येऊन एका माणसाच्या उंचीएवढा फरक.

चार वर्षांनी तुरिनमध्ये कॅनडाचा डफ गिब्सन जिंकला. तो अग्निशामक दलात काम करत होता आणि वय होतं ३९. हिवाळी ऑलिम्पिकच्या वैयक्तिक स्पर्धेत एवढ्या वयाचा विजेता तोपर्यंत झाला नव्हता. गप्प पडून राहायची विद्या चाळिशीच्या आसपास परिपक्व होते, हे बहुतेक गृहिणींना ऑलिम्पिकच्या आधीच ठाऊक असावं.

तुरिनची खरी हकीकत मात्र न झालेल्या एका शर्यतीची आहे. अमेरिकेचा झॅक लंड त्या मोसमात उत्तम फॉर्मात होता. तरुणपणीच केस गळायला लागल्याने तो कित्येक वर्षं फिनास्टराइडची गोळी घेत होता आणि उत्तेजक चाचणीच्या अर्जावर तसं इमानेइतबारे लिहीतही होता. २००५ साली हे औषध बंदी घातलेल्या यादीत गेलं, कारण त्याच्या आडून दुसरी उत्तेजकं लपवता येतील अशी शंका होती. लंडने यादी पुन्हा बघितली नाही. गोळी लिहिलेला अर्ज मात्र भरला. प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं. लवादाने हा माणूस फसवणारा नाही असं म्हटलं आणि वर्षभराची बंदीही घातली, तीही उद्घाटन समारंभाच्या दिवशी, १० फेब्रुवारी २००६ ला. ज्या खेळात डोक्यावर सदैव हेल्मेट आणि तोंड सदैव बर्फाकडे, त्यात एक माणूस केसांपायी ऑलिम्पिकला मुकला. तीन वर्षांनी ते औषध यादीतून काढून टाकलं. लंड व्हँकुव्हरला २०१० मध्ये उतरला आणि पाचवा आला. केस परतले नव्हते.

व्हँकुव्हरच्या स्पर्धा व्हिसलरच्या वाटेवर झाल्या. ती जगातली सगळ्यात वेगवान, आणि स्पर्धा सुरू व्हायच्या दिवशीच सरावात जॉर्जियाचा लूजपटू नोदार कुमारिताश्विली तिथे प्राणाला मुकला होता. या खेळांची थट्टा जिथे थांबते ती ही जागा. स्केलेटनमध्ये तीन फेऱ्यांअखेर लॅट्वियाचा मार्टिन्स दुकुर्स पुढे होता. चौथ्या फेरीनंतर यजमान कॅनडाचा जॉन माँटगोमेरी ०.०७ सेकंदाने जिंकला. हा मोटारींचा लिलाव पुकारणारा. विजयानंतर गावातून चालत जाताना गर्दीतल्या कुणीतरी त्याच्या हाती बिअरचा जग दिला, आणि कॅमेऱ्यासमोर चालता चालता त्याने तो तोंडाला लावला. कॅनडात पदकाइतकंच हे चित्रही गाजलं.

दुकुर्सचं पुढे जे झालं ते सांगितल्याशिवाय पुरुषांच्या स्केलेटनचं वर्णन पुरं होत नाही. वडील दाइनिस लॅट्वियातल्या सिगुल्डाच्या वाटेचे व्यवस्थापक आणि मुलांचे प्रशिक्षक. थोरला भाऊ तोमास हाही याच खेळात. मार्टिन्सने जागतिक अजिंक्यपद सहा वेळा मिळवलं, विश्वचषक मालिका अकरा वेळा जिंकली, त्यातली आठ वर्षं सलग. या खेळात त्याच्याएवढा मोठा माणूस झाला नाही, याबद्दल कुणाचं दुमत नाही. चार वर्षांतून एकदा मात्र काहीतरी बिघडायचं. २०१४ साली सोचीला यजमान रशियाचा अलेक्सांद्र त्रेत्याकोव जिंकला, दुकुर्स पुन्हा दुसरा. तोमास चौथा. नोव्हेंबर २०१७ मध्ये रशियाच्या उत्तेजक प्रकरणात ऑलिम्पिक समितीने त्रेत्याकोवला बाद ठरवलं, म्हणजे घरबसल्या मार्टिन्सला सुवर्ण आणि तोमासला कांस्य मिळायची चिन्हं दिसू लागली. १ फेब्रुवारी २०१८ ला क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवला. दुकुर्स कुटुंबाकडे सुवर्णपदक सुमारे दहा आठवडे होतं, तेही कागदावर.

त्यानंतर पंधरा दिवसांनी प्योंगचांगची शर्यत. दुकुर्स चौथा आला. ब्रिटनच्या डॉम पार्सन्सने त्याला ०.११ सेकंदाने कांस्यपदकापासून दूर ठेवलं. २०२२ ला बीजिंगमध्ये सातवा. मग तो निवृत्त झाला. यजमान देशाचा माणूस आपल्या घरच्या वाटेवर जिंकतो, हा नियम दुकुर्सला एकामागून एक तीन ऑलिम्पिकमध्ये सोसावा लागला. सिगुल्डाला ऑलिम्पिक कुणी दिलं नाही. घरच्या वाटेचं महत्त्व या खेळात उघड आहे. पाहुण्यांना सरावाच्या फेऱ्या मोजून मिळतात, यजमान हवा तेवढा घसरतो.

प्योंगचांगला तो यजमान होता युन सुंग-बिन. दक्षिण कोरियाच्या या मुलाने शाळा संपेपर्यंत स्केलेटन कशाशी खातात हे ऐकलं नव्हतं. व्यायामशिक्षकांनी त्याची उडी बघितली, मांड्या बघितल्या आणि २०१२ मध्ये त्याला चाचणीला नेलं. दोन वर्षांच्या आत तो सोचीला सोळावा होता. त्याआधी कोरियात हा खेळ आणला तो कांग क्वांग-बे यांनी, जे स्वतः लूज, स्केलेटन आणि बॉबस्लेड या तिन्ही प्रकारांत ऑलिम्पिकला उतरले होते. तीनही प्रकारे उतरून बघितल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना स्केलेटनकडे वळवलं. १६ फेब्रुवारी २०१८ हा कोरियन नववर्षाचा दिवस. आयर्न मॅनचं चित्र असलेलं हेल्मेट घालून युन चारही फेऱ्यांत घड्याळाच्या पुढे धावला आणि १.६३ सेकंदांनी जिंकला. ज्या खेळात लोक पाच शतांशांनी जिंकतात त्यात दीड सेकंद म्हणजे बाकीचे अजून वरच आहेत असं म्हणावं. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांत फरक होता दोन शतांशांचा. शेवटी त्याने प्रेक्षकांसमोर गुडघे टेकून नववर्षाचा साष्टांग नमस्कार घातला. पालथं पडण्याची सवय होतीच.

त्याच स्पर्धेत शेवटचा, तिसावा आला घानाचा अक्वासी फ्रिम्पाँग. घानात जन्म, नेदरलँड्समध्ये कागदपत्रांविना वाढलेला मुलगा, तिथे धावपटू, मग अमेरिकेत घरोघर व्हॅक्यूम क्लीनर विकणारा, आणि तिशी ओलांडल्यावर ऑलिम्पियन. त्याच्या हेल्मेटवर सिंहाच्या जबड्यातून निसटणारा ससा रंगवला होता. शेवटची फेरी संपल्यावर तो नाचला. पहिल्या आणि तिसाव्या क्रमांकाच्या आनंदात डाव्या-उजव्याचा फरक करणं त्या दिवशी कठीण होतं; दुःखात सापडले ते मधले, विशेषतः चौथे. बीजिंगला अमेरिकन सामोआचा नेथन क्रम्पटन उद्घाटनाला उघड्या, तेल लावलेल्या अंगाने ध्वज घेऊन हिमवाऱ्यात चालला. स्पर्धेला मात्र तो सगळ्यांसारखा सूट घालून उतरला, कारण वाऱ्याचा विरोध ही गंभीर बाब आहे.

ज्यांच्याकडे बर्फाची वाटच नाही त्यांची कामगिरी आणखी चमत्कारिक. जर्मनीने अशा चार वाटा बांधलेल्या. बीजिंगमध्ये घसरगाड्यांच्या दहांपैकी नऊ सुवर्णपदकं जर्मनीने नेली, आणि पुरुषांच्या स्केलेटनमध्ये पहिला क्रिस्टोफर ग्रोथेयर, दुसरा आक्सेल युंक, तिसरा यजमान चीनचा यान वेनगांग. हे समजण्यासारखं आहे. पण ब्रिटनकडे एकही वाट नाही. बाथ विद्यापीठाच्या आवारात रुळांवरून चाकांची घसरगाडी ढकलायची एक छोटी पट्टी आहे, बर्फाविना. तिथे फक्त पहिली तीसचाळीस पावलं शिकता येतात. उरलेला सव्वा किलोमीटर परदेशात. एवढ्यावर ब्रिटनच्या स्त्रियांनी २०१०, २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदकं घेतली. पुरुषांच्या खात्यात तोपर्यंत तीन कांस्यं, १९२८, १९४८ आणि २०१८ ची: एक उमराव, एक क्रेस्टाचा जुना घसरू, आणि एक यंत्र अभियांत्रिकीत पीएच.डी. करणारा पार्सन्स.

चाकांचा उपाय भारतालाही माहीत आहे, फक्त शेजारच्या खेळात. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन १९९८ ते २०१८ अशी सहा ऑलिम्पिक लूजमध्ये उतरला. सरावासाठी त्याने गाडीला चाकं लावली आणि हिमालयातल्या हमरस्त्यांवरून तो मेंढरं आणि ट्रक चुकवत खाली यायचा. आंतरराष्ट्रीय वाटांवर समोरून ट्रक येत नाहीत, त्यामुळे तिथे त्याला जरा सुनं वाटलं असल्यास नवल नाही. सोचीच्या सरावात तो गाडीवरून पडला आणि तिला न सोडता घसरत घसरत परत वर चढून बसला. ते चित्रण जगभर फिरलं.

शर्यत संपल्यावर थांबण्याची व्यवस्थाही उताराच्याच भरवशावर असते. शेवटच्या रेषेनंतर वाट पुन्हा चढू लागते आणि वेग आपोआप उतरतो. खेळाडू बुटांची टोकं घासत, शेवटी फोमच्या गाद्यांत शिरून थांबतो, मान वर करतो आणि आयुष्याची चार वर्षं कुठल्या क्रमांकावर गेली ते फलकावर वाचतो. मग गाडी उचलून वजनकाट्याकडे.

२०२६ च्या मिलान-कॉर्टिना ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात मिश्र सांघिक स्पर्धेची भर घातली गेली. एक स्त्री आणि एक पुरुष, आधी ती उतरते, मग तो, आणि दोघांच्या वेळांची बेरीज. एरवीच्या शर्यतीत घड्याळ सुरू होतं ते खेळाडू निघून थोडं अंतर धावल्यावर. इथे दिवा लागल्या क्षणी सुरू होतं आणि दचकून निघायला लागलेला वेळही खात्यात पडतो. मांड्यांवर चापट्या मारण्याचा तीस सेकंदांचा विधी त्यामुळे या प्रकारात दिवा लागण्याआधीच उरकून घ्यावा लागतो.